खरं सांगणारी जोडी

४ जानेवारी

गाद्यांची खोली आज रिकामी केली. आजपासून तिला स्टुडिओ म्हणायचं, असं मी जाहीर केलं. बायकोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लांबी अकरा फूट, रुंदी साडेनऊ. चार गाद्या, इस्त्रीचं टेबल आणि तीन वर्षं बंद पडलेला पंखा बाहेर काढल्यावर खोली एकदम उघडी पडली. मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी उलटून आली. कोपऱ्यात जाऊन पुन्हा वाजवली. "टाळ्या झाल्या असतील तर कपाटाची ती बाजू धर," बायको म्हणाली.

नोकरी सोडून चार दिवस झाले. चौदा वर्षं मास्तरांच्या स्टुडिओत गाणी मिक्स केली. म्हणजे काय, हे लोकांना सांगताना माझी दमछाक होते, पण वहीला सांगायला हरकत नाही. गाणारा आणि वाजवणारे वेगवेगळे रेकॉर्ड होतात. कोण किती पुढे, कोण किती मागे हे ठरवून सगळ्यांना एका गाण्यात गुण्यागोविंदानं नांदवायचं, हे माझं काम. मास्तर माझे वरिष्ठ, स्टुडिओ त्यांचाच. माणूस मोठा, पण आता कान जुने झालेत. चौदा वर्षांत माझ्या कामाला "बरं आहे" याच्या वर एक शब्द नाही. माणसाला कधीतरी स्वतःच्या पायावर उभं राहावंसं वाटणारच.

६ जानेवारी

पहिलं काम आलं. गाणाऱ्या बाई येऊन गेल्या. जन्मभर नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर स्वतःची सहा गाणी रेकॉर्ड केली आहेत. खोलीत सध्या एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढाच संसार. बाईंनी तो वॉर्डात फेरी मारल्यासारखा बघितला. मी म्हटलं, स्पीकर अजून यायचेत. "येतील की," म्हणाल्या, "मी स्पीकर बघायला नाही आले."

त्या आल्या ते निरोपाच्या गाण्यामुळे. त्या एका गाण्यावरून लोक मला अजून ओळखतात. "त्यात शेवटच्या कडव्याआधी ती गायिका श्वास घेते," बाई म्हणाल्या. "रडू आवरून घेतलेला. पेशंटचे नातेवाईक असा श्वास घेतात, मी हजारदा ऐकलाय. तो तुम्ही ठेवलात, असं मला सांगितलं."

"कोणी?"

"आहेत एक ओळखीचे. त्यांच्या मिसेस आमच्या वॉर्डात होत्या, शेवटी."

मी नम्रपणे हसलो. खरं तर मला आठवतं की त्या गाण्यातले सगळे श्वास मी कापले होते. श्वास म्हणजे खरखर, ती मी नेहमीच साफ करतो. एखादा नजरेतून सुटला असेल. सुटला ते बरंच झालं.

महिनाअखेर सहाही गाणी द्यायची आहेत. हे काम बिघडलं तर दुसरं येणार नाही, आणि मास्तरांकडे परत जायला मला तोंड नाही.

९ जानेवारी

स्पीकरच्या दुकानात दोन तास. दुकानदार भला माणूस. त्यानं दोन जोड्या घरी ऐकायला दिल्या, जी आवडेल ती ठेवा म्हणाला. हे मॉनिटर म्हणजे आपले घरचे स्पीकर नव्हेत. घरचा स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो, मॉनिटरनं आहे तसं ऐकवावं अशी अपेक्षा. मिक्स करणाऱ्याला तेच लागतं.

मोठी जोडी रुबाबदार. कडेला चंदेरी पट्टी, पुढचा पडदा आठ इंची. धाकटी पाच इंची, काळी, अंगावर एक रेघही नाही. शाळेच्या कपाटातून काढल्यासारखी दिसते. ती मी केवळ दुकानदाराच्या आग्रहाखातर आणली.

निघताना मास्तरांची आठवण झाली. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घेतला, तर मास्तर म्हणाले, "जोडी घेशील तेव्हा तुला आवडेल ती घेऊ नकोस." मग काय, नावडती घेऊ? मला राग आला होता, अजूनही आहे. त्यांचे स्वतःचे स्पीकर बघावेत. पुढचं कापड कधीच फाटून गेलंय, आवाज कोरडा ठणठणीत. त्यावर कुठलंच गाणं आवडत नाही.

१२ जानेवारी

मोठी जोडी लावली. परीक्षेला अर्थात निरोपाचं गाणं. माझी एक सवय आहे. मिक्स झालं की त्याच संध्याकाळी एक प्रत घरी आणतो; आज तीच लावली. लोकांसाठी बाहेर पडलेलं गाणं मात्र मी कधी लावत नाही. स्वयंपाक करणाऱ्याची भूक मरते तसं होतं.

काय वाजलं. ढोल पोटात शिरला, व्हायोलिनं भिंतीभर पसरली. टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरला. मी डोळे मिटून बसलो आणि वाटलं, हे मी केलंय. चौदा वर्षांत कुणी म्हटलं नाही ते मीच मला म्हणून घेतलं. बायको दारात येऊन ऐकत होती. ती घरून डॉक्टरांची बोलणी ऐकून टाइप करते. दिवसभर कानात डॉक्टर पुटपुटत असतात आणि एक औषध चुकवायची सोय नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ती काय म्हणतेय?"

"कोण?"

"गाणारी."

मी म्हटलं, तुझे कान डॉक्टरांनी बिघडवलेत. तिनं ते मनावर घेतलं नाही. ती कधीच घेत नाही, हा तिचा मोठेपणा आणि माझा त्रास.

१४ जानेवारी

धाकटी जोडी लावली. तेच गाणं. नळीच्या दिव्याखाली आरशात बघावं तसं झालं. गायिका भिंतीपलीकडे उभी, ढोल सगळ्यांच्या मध्ये मांडी ठोकून बसलेला, व्हायोलिनं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, कानांच्या उंचीवर आणले, तोंडं माझ्याकडे वळवली. फरक एवढाच पडला की वाईट जास्त स्पष्ट ऐकू आलं.

बायको म्हणाली, "थांब, माझ्या फोनवर हेच गाणं आहे," आणि फोन जोडला. बाहेर पडलेली, लोक ऐकतात ती प्रत. त्याच काळ्या डब्यांतून गायिका चालत पुढे आली आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. शब्द न् शब्द कळला.

"बघ, स्पीकर चांगला आहे," बायको म्हणाली.

मी तिला समजावलं. गाणं बाहेर पडण्याआधी दुसरीकडे एक माणूस त्यावर शेवटचा हात फिरवतो, आवाज सारखा करतो, चकाकी आणतो. हा त्याचा फरक. "असेल," ती म्हणाली. तिच्या "असेल"मध्ये पुष्कळ काही असतं, पण मला वेळ नव्हता. मोठी जोडी ठेवायची हे मी ठरवून टाकलंय. तिच्यासमोर बसलं की काम करावंसं वाटतं.

१८ जानेवारी

पहिलं गाणं मिक्स करून काल बाईंना पाठवलं. मोठ्या जोडीवर ते इतकं सुंदर वाजत होतं की मी पाठवण्याआधी तीनदा नुसतंच ऐकलं.

सकाळी फोन आला. बाईंनी स्वयंपाकघरात ऐकलं, गाडीत ऐकलं, भाच्याच्या फोनवर ऐकलं. "वाद्यं छान आहेत हो," म्हणाल्या. मग, इंजेक्शन देण्याआधी सांगतात तशा आवाजात, "पण मी यात शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटते. आणि मधेमधे मला श्वासच नाही. मी मेल्यावर गायल्यासारखं झालंय."

मी म्हटलं, भाच्याचा फोन साधा असेल. म्हणाल्या, लोकांचे फोन साधेच असतात.

त्यानंतर दिवसभर काही केलं नाही. मास्तरांकडे असतो तर हे गाणं तिथून असं बाहेर पडलं असतं का, हा विचार आला. नसतं पडलं. का नसतं, ते कळत नाही. करणारा मीच तर होतो.

१९ जानेवारी

आज जे कळलं ते लिहून ठेवतो.

मोठी जोडी बंद करून धाकटीवर बसलो. बायकोच्या फोनवरचं निरोपाचं गाणं आणि माझी घरची प्रत संगणकावर एकाखाली एक मांडली. एका कळीवर बोट ठेवून याच्यातून त्याच्यात जात राहिलो. गायिका पुढे, गायिका मागे. ढोल आवरलेला, ढोल सुटलेला. शेवटच्या हातानं एवढं होऊ शकतं, असं मनाला सांगत होतो. मग शेवटचं कडवं आलं.

बाहेर पडलेल्या गाण्यात श्वास आहे. माझ्या प्रतीत त्या जागी काही नाही. शांतता. मी कापलेली.

शेवटचा हात फिरवणारा माणूस कापलेला श्वास परत आणू शकत नाही. न्हाव्यानं कापलेले केस कंगव्यानं परत येतात का? त्यासाठी मूळ काम पुन्हा उघडावं लागतं, गायिकेचं कच्चं रेकॉर्डिंग शोधून तो श्वास जागेवर बसवावा लागतो. ते काम स्टुडिओच्या संगणकावर होतं आणि स्टुडिओची किल्ली एकाच माणसाकडे.

चौदा वर्षं रोज सात वाजता मास्तर म्हणायचे, "तू जा, मी कुलूप लावतो." मला वाटायचं, त्यांची बायको गेल्यापासून घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून बसतात. मला त्यांची दया यायची. हे लिहिताना तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

२० जानेवारी

माझ्या सगळ्या घरच्या प्रती काढल्या. ज्या ज्या गाण्यावर माझं नाव आहे, ते बाहेर कसं पडलं तेही मिळवलं. सकाळपासून काळ्या डब्यांपुढे बसलो होतो. आधी राग आला. माझ्या मागे माझ्या कामात हात घालणारे हे कोण, असं वाटलं. दुपारपर्यंत राग उरला नाही.

कारण त्यांनी काय केलंय ते ऐकू यायला लागलं. जे मी केलंय ते त्यांनी कुठेही पुसलेलं नाही. माझी लकब, माझे आवडते खेळ, व्हायोलिनं उजवीकडून आणण्याची माझी खोड, सगळं तसंच. फक्त गाणाऱ्याला बोटभर पुढे, ढोलाला बोटभर मागे. एका गाण्यात मी बासरी इतकी उंच ठेवली होती की दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ बंद केली असती. त्यांनी ती उंचच ठेवली आणि तिच्याखालचं बाकी सगळं तिला सांभाळेल असं बसवलं. गाणं माझंच राहू दिलं. दुसऱ्याच्या कामात शिरून आपली एक खूण मागे न ठेवणं, हे मला आणखी चौदा वर्षांत जमणार नाही. आणि हे त्या फाटक्या स्पीकरवर, आवाज इतका बारीक करून की पंख्याची घरघर ऐकू यावी. ते तसंच ऐकायचे, अंगठा गुडघ्यावर ठेवून. मी त्याला म्हातारपण म्हणायचो.

आणखी एक. पहिल्या वर्षांतल्या गाण्यांत त्यांचा हात जागोजाग आहे. मधल्या वर्षांत कमी. शेवटच्या वर्षातल्या गाण्यांत फरक शोधता शोधता माझे कान दुखले. शेवटच्या गाण्यात एकच गोष्ट बदललेली आहे, शेवटच्या शब्दाची विरत जाणारी शेपटी जराशी लांबवलेली. आणि त्यानंतर मी राजीनामा दिला, माझी कदर नाही म्हणून.

बायकोला सगळं सांगितलं. ती टाइप करायची थांबली.

"मला एकदा सांगायचं तरी," मी म्हटलं.

"ऐकलं असतंस?"

विचार केला. नसतं ऐकलं. पहिल्याच वर्षी सोडून गेलो असतो, आणि आज कुठेतरी कारकुनी करत असतो.

"जाऊन विचारू का त्यांना?"

"त्यांनी चौदा वर्षं दाराआड ठेवलंय ते," ती म्हणाली. "तू चव्हाट्यावर कशाला आणतोस? नीट काम कर आणि ऐकायला बोलाव."

बायकोला कुठून सुचतं कुणास ठाऊक. माझ्यापेक्षा तिचे कान चांगले आहेत, हे या वहीत तरी मान्य करतो.

२१ जानेवारी

गाणाऱ्या बाईंना फोन केला. म्हटलं, "तो श्वास मी ठेवला नव्हता. मी कापला होता. दुसऱ्यांनी परत ठेवला. तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो माणूस मी नाही."

त्यांनी एवढंच विचारलं, "माझे पण कापलेत का?"

"हो."

"मूळ आहेत ना शिल्लक?"

"आहेत."

"मग परत बसवा आणि पाठवा," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. या बाईंच्या वॉर्डात पेशंट बरे होत असणार.

२२ जानेवारी

दुकानदार येऊन मोठी जोडी घेऊन गेला. त्याला खरंच वाईट वाटलं. "साहेब, ही सगळ्यांना आवडते हो."

"मलाही फार आवडते," मी म्हटलं. "म्हणूनच घेऊन जा."

मास्तरांचं वाक्य आता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. काळी जोडी मला लाडीगोडी लावत नाही. आठ दिवसांपूर्वी मी तिला हिणवलं आणि ती बिचारी तेव्हाही खरंच सांगत होती. आज तिच्यावरची धूळ मी सदऱ्यानं पुसली.

अडचण आता खोलीची. कोपऱ्यांत जाडे सूर साठून घुमतात, त्यामुळे ढोल आहे त्याहून मोठा वाटतो. त्यावर उपाय म्हणजे काहीतरी जाड आणि मऊ. संध्याकाळी चारही गाद्या परत आणून चार कोपऱ्यांत उभ्या केल्या. टाळी वाजवली, जिथल्या तिथे विरली. बायको दारात उभी होती.

"म्हणजे गाद्यांचीच खोली," ती म्हणाली, आणि डॉक्टरांकडे परत गेली.

२६ जानेवारी

तीन गाणी झाली. आवाज बारीक ठेवून काम करतो. सुरुवातीला जीव घुसमटला, आता करमतं. गाणं चांगलं झालं की काळ्या डब्यांतून ते अचानक आवडायला लागतं. ती आवड वेगळीच असते, कमावलेली.

बाईंनी पहिलं गाणं ऐकलं. "आता मी खोलीत आहे," एवढंच म्हणाल्या. एवढंच पुरलं.

मास्तरांना फोन केला. एकदा येऊन ऐकाल का, म्हणून विचारलं. "गुरुवारी येतो," म्हणाले. कसा आहेस वगैरे काही नाही.

२९ जानेवारी

मास्तर चारला आले. पायऱ्या चढताना दोनदा थांबले. खोली बघितली, कोपऱ्यातल्या गाद्या बघितल्या, एकीवर हात दाबून बघितला. मग काळ्या जोडीपुढे वाकले. "ही घेतलीस," म्हणाले.

"नर्सबाई खूश आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता आहेत. बाई नर्स होत्या हे मी त्यांना कधी सांगितलं, आठवत नाही. फोनवर बोललो असेन.

खुर्ची त्यांना दिली. दुसरं गाणं लावून देणार होतो, पण मग मी काहीच लावलं नाही. सगळं काम संगणकावर उघडं ठेवलं, सहाच्या सहा गाणी, एकेक आवाज कमीजास्त करणाऱ्या दट्ट्यासकट. मग म्हणालो,

"मास्तर, मी चहा करतो. तुम्ही बसा. मला वेळ लागेल."

त्यांनी वर बघितलं. काय मागतोय ते त्यांना कळलं असं मला वाटलं, नक्की सांगता येत नाही. "जा," म्हणाले.

मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात बायको आधण ठेवून उभी होती. मी म्हटलं, गॅस बारीक कर. तिनं केला. दोघं भांड्याकडे बघत उभे राहिलो. आतून गाणी येत होती, अगदी बारीक, त्यांच्या पद्धतीनं. दुसऱ्या गाण्यातला बाईंचा श्वास मला भिंतीतून ऐकू आला. ते गाणं संपलं, तिसरं सुरू झालं. चहा उकळून उकळून काळा झाला. बायकोनं तो ओतून दिला आणि नवा ठेवला. तो माणूस आत जे बदलेल ते मी तसंच ठेवणार होतो, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मला त्याची लाज वाटत नव्हती. उलट आत कुणीतरी आहे याचा इतका आधार वाटत होता की डोळे भरून आले. बायकोनं पदर पुढे केला नाही, बशी पुढे केली. म्हणाली, "बिस्किटं काढ."

सहावं गाणं संपलं. आम्ही आत गेलो. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले होते. चहा प्यायले. दुसरं बिस्किट घेतलं, जे ते कधी घेत नाहीत. उठून दाराशी गेले, चपला घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"चांगलं आहे," म्हणाले. 'बरं' नव्हे.

ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत गॅलरीत उभा होतो. मग खोलीत येऊन बसलो आणि एक एक गाणं तपासलं. बाईंचा आवाज, ढोल, व्हायोलिनं, प्रत्येक श्वास. सगळ्या दट्ट्यांच्या जागा कागदावर लिहून ठेवल्या होत्या, त्या कागदाशी ताडून बघितल्या. संगणकावर शेवटचा बदल आज सकाळी अकरा चाळीसचा होता, माझा. त्यानंतर कुणी कशालाही हात लावलेला नव्हता.